कार्बोरेटर तीनदा साफ केला, तरी गाडी बंद का पडते?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका तरुणाकडे वडिलांची १९९८ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. चार वर्षं ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. आता सुरू केली तर चोक (थंड इंजिनाला दाट मिश्रण देणारी कळ) ओढूनच चालते, चोक बंद केला की बसते. उभी असताना ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल गळतं. ४० च्या पुढे झटके देते, आणि सहा-सात किलोमीटर गेलं की बंदच पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा एका किकमध्ये सुरू. ॲव्हरेज ३५ वर आलं आहे. तीन ठिकाणी तीनदा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, साफ करून झाला. आता नवा टाका, असा सल्ला मिळाला आहे. टाकावा का?

भाऊ, नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. तुमचा जुना बहुधा चांगला आहे, आणि तो जपून ठेवण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक आलं, तेव्हापासून नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. बाजारात किट मिळतात, पण त्यात नकली फार. जेटवर, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यावर, आकडा एक छापलेला असतो आणि भोक वेगळ्याच मापाचं असतं. कंपनीतून आलेला जेट कितीही काळा दिसला तरी फेकू नका.

तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण त्यात टाकीचा उल्लेख एकदाही नाही. कार्बोरेटर तीनदा उघडला, टाकी एकदाही नाही. चार वर्षं अर्धी भरलेली टाकी नागपूरच्या हवेत उभी होती. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की हात लावता येत नाही, मग पावसाळ्यात आतल्या रिकाम्या जागेत दमट हवा शिरते आणि रात्री तिचं पाणी होतं. वरचा अर्धा पत्रा गंजतो. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, राहिलेल्याचा डिंक होतो, त्याला वॉर्निशसारखा वास येतो. साफ केलेल्या कार्बोरेटरमध्ये हेच पेट्रोल पुन्हा उतरलं. कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट एका सुईने पेट्रोल अडवतो, गंजाचा कण त्या सुईखाली अडकला की गळती. डिंक पायलट जेटमध्ये, म्हणजे कमी रेसच्या छोट्या जेटमध्ये, बसला की चोकशिवाय चालत नाही. कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या) जाळीवर गाळ बसला की वेगात झटके. तुमच्या पाच तक्रारींपैकी तीन एकाच ठिकाणाहून आलेल्या असू शकतात.

पण त्याआधी एक काम आजच करा. गळती आहे, म्हणजे पेट्रोल फक्त बाहेरच पडतं असं नाही. ओव्हरफ्लोची नळी चोंदलेली असेल तर तेच पेट्रोल इंजिनात उतरतं आणि पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये जातं. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, किंवा पातळी तुम्ही भरली होती त्यापेक्षा वर दिसली, तर एक किकही मारू नका. आधी ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर चालवलेलं इंजिन किती लवकर खराब होतं ते मी पाहिलं आहे, आणि मग खर्च कार्बोरेटरच्या कितीतरी पट होतो. गाडी लावली की कॉक बंद करायची सवय आजपासून लावा. आणि गळणारी गाडी घराच्या बोळात किंवा पोर्चमध्ये उभी करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. देवघरातला दिवा किंवा स्वयंपाकघरातला गॅस आपल्याला वाटतो तितका लांब नसतो.

आता सहा-सात किलोमीटरचं बघू, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात चुकीचं निदान याचंच होतं. गाडी रस्त्यात बंद पडते, माणूस दहा मिनिटं थांबतो, ती सुरू होते, तो गॅरेजमध्ये येतो. तोवर बिघाड निघून गेलेला असतो. मिस्त्रीपुढे चालू गाडी उभी असते. तो काय करणार, कार्बोरेटर उघडून साफ करतो. म्हणून हा बिघाड जिथे होतो तिथेच, त्याच मिनिटाला पकडावा लागतो. एक पेचकस, प्लगचा पाना, एक नवा प्लग आणि छोटी काचेची बाटली बरोबर घ्या. रहदारीत नको, सकाळी सकाळी मोकळ्या रस्त्यावर जा.

गाडी बंद पडली की बाजूला घ्या, पण किक मारत बसू नका आणि थांबूही नका. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला निचऱ्याचा स्क्रू असतो. त्याच्या नळीचं टोक बाटलीत धरा आणि स्क्रू सैल करा. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले आहेत, तेव्हा एक थेंबही बाहेर सांडू देऊ नका. कॉक चालू ठेवा. बाटलीत सलग धार येत राहिली तर वाटीत पेट्रोल आहे आणि वरूनही येतंय, म्हणजे दोष पेट्रोलचा नाही. थोडं येऊन धार तुटली तर गाडी उपाशी मरते आहे. तशीच धार तुटलेली असताना टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि धार पुन्हा सुरू झाली, तर दोष झाकणाचा. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून टाकीत यावी लागते, त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. ते बुजलं की आत पोकळी तयार होते आणि धार बारीक होत होत थांबते. दहा मिनिटांत हवा कुठूनतरी हळूहळू शिरते आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते. तुमचं वर्णन याच्याशी अगदी जुळतं.

काटोलकडच्या एका शेतकऱ्याची राजदूत मोटरसायकल माझ्याकडे अशीच आली होती. ऐन संत्र्याच्या हंगामात त्याच्या खेपा बंद पडून राहिल्या होत्या. चार वेळा कार्बोरेटर उघडून झाला होता. मी टाकीचं झाकण उघडलं तर खाली पॉलिथिनचा चौकोनी तुकडा, नीट कापून बसवलेला. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून जूनमध्ये त्यानेच लावला होता. पाणी थांबलं, पण हवाही थांबली. विदर्भात पावसाळ्यात हा तुकडा लावणारे खूप आहेत. तुमच्या वडिलांनीही लावला असेल तर आधी तो काढा. झाकणाचं रबर फुगलेलं असेल तर ते बदला आणि भोक तोंडाने फुंकून बघा.

झाकण उघडूनही धार आली नाही, तर अडथळा कॉकमध्ये किंवा पाईपमध्ये आहे.

आणि धार जोरात असूनही गाडी सुरू होत नसेल, तर प्लग. आधी स्क्रू घट्ट करा, कॉक बंद करा, बाटली झाकण लावून लांब ठेवा. मग नवा प्लग कॅपमध्ये लावून हेडच्या धातूला टेकवा आणि किक मारा. जुना प्लग त्याच्या जागी असू द्या, म्हणजे भोकातून वाफ येणार नाही. ठिणगी नाही, किंवा पिवळी मरतुकडी आहे, आणि थंड झाल्यावर निळी कडक येते, तर ठिणगी तयार करणाऱ्या भागांपैकी एखादा, म्हणजे इग्निशन कॉइल, सीडीआय किंवा पल्सर कॉइल, तापल्यावर सोडतो आहे. आतली तार तापून पसरते आणि जोड सुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. वागणं हुबेहूब पेट्रोलच्या बिघाडासारखं. कार्बोरेटरची म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष शेवटी विजेच्या बाजूला सापडला आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका. टॅपेट (व्हॉल्व्हवरची बारीक फट) फार घट्ट असेल तरी गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गाडी अशीच वागते. ते थंड इंजिनवर, गाडीच्या पुस्तकातल्या मापाने लावून घ्या.

आता टाकी. ती पूर्ण उतरवा. पेट्रोल काचेच्या बरणीत काढा, तासभर तसंच ठेवा आणि तळाशी काय बसतं ते बघा. लाल गाळ म्हणजे गंज. खाली वेगळा थर, जो बरणी हलवली की गोळ्यासारखा सरकतो, ते पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊटमधल्या घरांत शिरलं. त्यानंतर आलेल्या गाड्यांच्या टाक्यांत हा थर बोटभर जाड होता. तुमच्याकडे एवढा नसेल, पण चमचाभरही पुरतो. पाणी जड, ते तळाला बसतं, आणि रिझर्व्हचं तोंड तळाशीच असतं.

हल्लीच्या पेट्रोलबद्दलही दोन शब्द. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि आता तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात ठेवतं, प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात. तो थर ॲल्युमिनियम आणि जस्ताला खातो. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी दिसली तर ती हीच. तुमच्या टाकीत किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. मापाच्या उभ्या नळीत २० मिली पाणी घ्या, त्यात ८० मिली पेट्रोल घाला, झाकण लावून हलवा, मधून मधून झाकण सैल करून वाफ सोडा, मग ठेवून द्या. खालचा थर २० वरून ३६ च्या आसपास गेला तर ते २० टक्क्यांचं पेट्रोल. हे मोकळ्या हवेत करा आणि ते पेट्रोल परत टाकीत घालू नका.

गंज काढायला काही जण संडास धुवायचं ॲसिड वापरतात. ते करू नका. ते गंजाबरोबर पत्राही खातं, शिवणीत भोकं पाडतं, आणि धुतल्यावर दोन तासांत नवा गंज चढतो. पांढरा सिरका टाकीभर घालून एक-दोन दिवस ठेवला तर काम हळू होतं पण सुरक्षित होतं. गंज जास्त असेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज काढायचं द्रव घ्या, हातमोजे आणि चष्मा लावून. आधी टाकी साबणाच्या पाण्याने धुवून पेट्रोलचा वास पूर्ण घालवा. पापुद्रे सुटायला सायकलच्या जुन्या चेनचा तुकडा आत टाकून हलवतात. तुकडा तारेला बांधून टाका, नाहीतर तो काढायला अर्धा दिवस जातो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा धुवा. लगेच उन्हात वाळवा आणि वाळताक्षणी पेट्रोलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवा, मग ते काढून टाका. टाकी ओली ठेवून जेवायला गेलात तर परत आल्यावर ती पुन्हा लाल दिसेल.

कॉक काढलाच आहे तर तो पूर्ण उघडा. आत चार भोकांचं रबरी वॉशर असतं. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि भोकं बारीक होतात. बाहेरून कॉक चांगला दिसतो, आत वाट निम्मी झालेली असते. वॉशर, जाळी आणि पेट्रोल पाईप तिन्ही नवे टाका. पाईप बोटांत दाबल्यावर कडक लागला किंवा आतून काळं निघालं तर तो गेलेला आहे. बसवून झाल्यावर पाईपचं टोक बाटलीत सोडून कॉक चालू करा. ताशी ५० च्या वेगात ६० चं ॲव्हरेज धरलं तर गाडी मिनिटाला जेमतेम १४ मिली पेट्रोल पिते. जोरात चालवताना किंवा चढावर याच्या कितीतरी पट लागतं. म्हणून मिनिटभरात चहाचा मोठा ग्लास सहज भरला पाहिजे. पाईपमध्ये कागदी फिल्टर लावायचा मोह होतो, पण या गाडीत पेट्रोल फक्त वरून खाली पडतं, पंप नाही. बारीक कागदी फिल्टर धार मंदावतो. लावायचाच तर जाळीचा लावा.

हे सगळं झाल्यावर चौथ्यांदा कार्बोरेटर उघडा, आणि या वेळी साफ केलेला साफ राहील.

चोकशिवाय न चालणं हे पायलट जेटचं लक्षण आहे. आयडलिंगपासून पाव रेसपर्यंत गाडी त्याच्यावर चालते, मधल्या रेसला स्लाइडची (रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या भागाची) सुई, आणि पाऊण रेसच्या पुढे मेन जेट. कुठल्या रेसला त्रास होतो हे लक्षात ठेवलंत तर अर्धं निदान तिथेच झालं. पायलट जेटचं भोक केसाएवढं असतं. जेट काढून उजेडाकडे धरा, गोल भोक स्पष्ट दिसलं पाहिजे. तिथे स्टीलची तार किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की तो जेट संपला. क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा आणि मासे पकडायच्या बारीक तंगूसने मोकळा करा. नुसता जेट साफ करूनही पुरत नाही. त्याच्या मागची बॉडीतली वाट इंजिनाच्या बाजूला दोन सूक्ष्म भोकांत उघडते. रबरी भाग आणि फ्लोट काढून, डोळ्याला चष्मा लावून, जेटच्या जागेतून क्लीनर मारा आणि त्या भोकांतून फवारा निघतो का बघा. तीन गॅरेजमध्ये बहुधा हेच राहिलं असेल, कारण याला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक बाजूला उभं असतं.

गळतीसाठी फ्लोटच्या सुईचं टोक बघा. त्यावर गोल कंगोरा पडलेला असेल तर सुई बदला आणि तिची बैठक कापसाच्या काडीने पुसा. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पाणी खळखळल्यासारखं वाटलं तर त्यात पेट्रोल शिरलं आहे. मग पातळी. निचऱ्याच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, ती वाटीच्या बाजूने वर धरा, कॉक चालू करून निचऱ्याचा स्क्रू सैल करा. नळीत जी पातळी दिसते तीच आत आहे. ती वाटीच्या जोडाच्या थोडी खाली थांबली पाहिजे. जोडाच्या वर चढत असेल तर गळणारच, आणि ॲव्हरेजही खाणार.

ॲव्हरेजचं आणखी एक कारण जुन्या गाडीत नेहमी सापडतं. स्लाइडची सुई ज्या पितळी नळीत वर-खाली होते, ती नळी वर्षानुवर्षांच्या घासाने अंडाकृती होते. बाहेरून काही दिसत नाही. सुई आणि नळी दोन्ही अस्सल मिळाल्या तर जोडीने बदला. एअर फिल्टर तर बघाच. शहरात काँक्रीट रस्त्यांची कामं चालतात तिथली धूळ महिन्याभरात फोम भरून टाकते.

हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या स्क्रूबद्दल गोंधळ खूप आहे. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की दाट होतं. हळूच पूर्ण आत बसवा, जोर लावू नका, टोक तुटतं. मग दीड वळण बाहेर. इंजिन चांगलं गरम झाल्यावर पाव पाव वळण फिरवून जिथे आवाज सगळ्यात वर आणि एकसारखा येतो तिथे सोडा, मग आयडलिंग खाली घ्या. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर पायलटची वाट अजून बंद आहे किंवा कुठूनतरी हवा शिरते आहे. हवेसाठी कार्बोरेटर आणि हेडमधल्या जोडावर साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा. आवाज बदलला तर ओ-रिंग गेली किंवा बोल्ट जास्त आवळून फ्लँज वाकली आहे. इथे पेट्रोल किंवा स्प्रे मारून तपासायची पद्धत मी माझ्या गॅरेजमध्ये बंद केली आहे, गरम इंजिनावर ते पेटतं.

शेवटी चालवून बघायचं. नवा प्लग लावा आणि वर्धा रोडने खापरीच्या पुढे निघा. मोकळा रस्ता मिळाला की ५० च्या आसपास एकसारख्या रेसमध्ये चार-पाच किलोमीटर चालवा, मग त्याच रेसमध्ये क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. आयडलिंगवर येऊ दिलीत तर प्लगचा रंग बदलतो. प्लग थंड होऊ द्या आणि काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळी कोरडी काजळी असेल तर अजून दाट आहे, पातळी आणि चोक पूर्ण उघडतो का ते बघा. पांढरा फटक असेल तर पातळ. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटांवर गाडी थोडी पातळच चालते. अशा वेळी सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा, सुई वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होतं. तेवढ्याने रंग आला नाही तर मेन जेट एक नंबर मोठा, त्याहून जास्त नको. त्यानंतर प्लगचा रंग आणि दोन टाक्यांचं ॲव्हरेज मला कळवा. तरीही ३५ च राहिलं तर कार्बोरेटर सोडून इंजिनाचं कॉम्प्रेशन बघू.